पडल्यानंतरचे तीन मीटर

पावसाळ्यात ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर दुचाकी घसरली तर त्याची बातमीसुद्धा होत नाही. खोदकामावर टाकलेली लोखंडी प्लेट ओली असते, पुढचं चाक तिच्यावर तिरकं चढतं आणि गाडी आडवी होते. समजा, अशा एकाच प्लेटवर दोघे जण पडले, दोघांचाही वेग ताशी ५०. पहिला मोकळ्या रस्त्यावर घसरत गेला. डांबरावर घासत जाणारं शरीर या वेगातून थांबायला साधारण १६ मीटर घेतं, ओल्यात थोडं जास्त. कोपर सोलवटलं, गुडघ्याची कातडी गेली, पॅन्ट फाटली, पण तो उठून उभा राहिला. दुसऱ्याच्या वाटेत तीन मीटरवर सिमेंटचा डिव्हायडर होता. तीन मीटर घासून वेग जेमतेम पाचने उतरतो, म्हणजे तो ताशी ४५ च्या वेगाने काँक्रीटवर आदळला. मांडीचं हाड मोडलं, बरगड्या मोडल्या, डोकं आपटलं. दोघांची गाडी, वेग, चूक सगळं सारखं. फरक पडला तो पडल्यानंतरच्या मोकळ्या जागेमुळे.

अपघात झाला की आपण आधी विचारतो, चूक कोणाची? पंचनाम्याला, विम्याला आणि कोर्टाला ते लागतंच. पण माणूस किती जखमी झाला याचं उत्तर त्यातून मिळत नाही. त्यासाठी वेगळे प्रश्न विचारावे लागतात. शरीर कशावर आदळलं? कोणता भाग आधी लागला? त्या क्षणी वेग किती उरला होता? आणि तिथून योग्य डॉक्टरच्या हातात जायला किती वेळ गेला? विल्यम हॅडन हे पेशाने डॉक्टर, अमेरिकेच्या रस्ते-सुरक्षा खात्याचे पहिले प्रमुख. त्यांनी अपघाताचे आधी, दरम्यान आणि नंतर असे तीन भाग पाडून प्रत्येक भागात माणूस, वाहन आणि परिसर वेगवेगळे तपासायला शिकवलं. त्याला पन्नासहून जास्त वर्षं झाली. आपली बहुतेक चर्चा अजून पहिल्या भागातच संपते, तीही माणसापाशीच. मला हे फार खटकतं. कारण सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली आणि त्यातली जवळपास ४४.५ टक्के दुचाकीवरची होती.

वेगापासून सुरुवात करू, कारण बाकी सगळं त्यावरच उभं आहे. ताशी ३० ने भिंतीला धडकणं म्हणजे साडेतीन मीटरवरून खाली पडणं. ताशी ५० म्हणजे जवळपास दहा मीटर, तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून. ६० ला ही उंची १४ मीटर होते आणि ८० ला २५ मीटर, म्हणजे आठवा मजला. वेग ५० वरून ६० वर नेला तर माणसाला वाटतं, दहानेच तर वाढला. पण शरीराला जिरवावी लागणारी ऊर्जा ४४ टक्क्यांनी वाढलेली असते. नवी मुंबईत वाशीहून बेलापूरकडे जाणारा पाम बीच रस्ता रात्री मोकळा असतो, सरळ आणि रुंद असतो, त्यामुळे तिथे ८० चा वेग जाणवतच नाही. घोडबंदरला संध्याकाळी वाहनं चिकटून चालतात, तिथे धडका जास्त पण हळू होतात. गर्दीच्या रस्त्यावर अपघात अधिक आणि मोकळ्या रस्त्यावर मृत्यू अधिक, हे कोडं असं सुटतं.

वेगाबद्दलची एक चांगली गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. धडक टळली नाही तरी धडकेआधीचा ब्रेक वाया जात नाही. ताशी ५० वर असताना शेवटच्या अर्ध्या सेकंदात नीट ब्रेक लागला तर आदळताना वेग ३९ च्या आसपास उरतो आणि जवळपास ४० टक्के ऊर्जा तिथेच संपलेली असते. नीट ब्रेक म्हणजे पुढचा आणि मागचा दोन्ही. कोरड्या रस्त्यावर थांबवण्याची दोन तृतीयांशाहून जास्त ताकद पुढच्या ब्रेकमधून येते, कारण ब्रेक लागताच सगळं वजन पुढच्या चाकावर येतं. पण पुढचा दाबला की गाडी उलटते ही भीती लहानपणापासून भरलेली असल्यामुळे बरेच जण आयुष्यभर फक्त मागच्यावर गाडी चालवतात. मागचं चाक लॉक होतं, गाडी फिरते आणि माणूस ब्रेकविना, आडवा, बऱ्याच वेगात जाऊन आदळतो. पुढचा ब्रेक झटका देऊन ओढायचा नसतो. आधी दोन बोटांनी हलका, वजन पुढे आलं की वाढवत न्यायचा. हॅण्डल सरळ हवं. प्लेट, झेब्राचा पांढरा पट्टा, पेव्हर ब्लॉक किंवा सांडलेलं डिझेल यांवर असताना ब्रेक नको, तो त्यांच्या आधीच मारून संपवायचा. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस आणि १२५ पर्यंतच्यांना किमान सीबीएस सक्तीचं झालं. एबीएस चाक लॉक होऊ देत नाही. सीबीएस एक लिव्हर दाबली तरी दोन्ही चाकांना ब्रेक देतं, पण चाक लॉक होणं थांबवत नाही. स्कूटर घेताना हा फरक कुणी समजावून सांगत नाही.

आता पुन्हा त्या तीन मीटरकडे. दुचाकीवाल्याच्या दृष्टीने रस्त्याकडेची प्रत्येक कडक, टोकदार आणि हलणार नाही अशी वस्तू म्हणजे दुसरा अपघात. डिव्हायडरचं उघडं टोक, विजेचा खांब, कामाच्या पत्र्यांखालचा काँक्रीटचा पाया, कापलेल्या झाडाचा बुंधा. डिव्हायडरच्या टोकावर रिफ्लेक्टर असेल आणि पुढे प्लॅस्टिकचे पाण्याने भरलेले पिंप असतील तर तोच माणूस वाचू शकतो. कडेचं पत्र्याचं क्रॅश बॅरियर चारचाकी गाडी रोखण्यासाठी बनवलेलं असतं. त्याखालून घसरत जाणाऱ्या दुचाकीस्वाराला त्याचे उभे खांब लागतात, आणि त्या खांबांना कडा असतात. काही देशांत वळणावर या खांबांपुढे खालच्या बाजूला दुसरी गुळगुळीत पट्टी लावतात. गायमुखच्या घाटात किंवा मुंब्रा बायपासच्या वळणांवर अशी पट्टी लागली तर खर्च फार नाही. रस्ता नवा करताना डांबराचे थरावर थर चढवून कडेला चार-पाच इंचांची पायरी सोडतात, तीही असाच एक धोका. चाक त्या पायरीला समांतर घासलं की हॅण्डल हातात राहत नाही, आणि माणूस बहुतेक वेळा उजवीकडे, वाहतुकीच्या बाजूला पडतो.

वाहतुकीच्या बाजूला पडणं म्हणजे काय, हे उरण रस्त्यावर आणि ठाणे-बेलापूर रस्त्यावर जाणाऱ्यांना सांगायला नको. जेएनपीटी बंदराचे ट्रेलर, एमआयडीसीचे टँकर, खडीचे डंपर. इथे पडतानाचा वेग अगदी कमी असू शकतो, ताशी १५ सुद्धा. मारतं ते मागचं चाक. चाळीस फुटी कंटेनरचा ट्रेलर डावीकडे वळतो तेव्हा पुढचं तोंड रुंद वळण घेतं, पण मागची चाकं कोपरा कापत आत येतात. ट्रेलर आणि फूटपाथ यांच्यामध्ये वळणाआधी ऐसपैस दिसणारी जागा वळताना बंद होते. तिथे शिरलेला बाइकवाला ड्रायव्हरला आरशातही दिसत नाही. साधा नियम असा, की ट्रेलरच्या केबिनचा डावा आरसा तुम्हाला दिसत नसेल तर ड्रायव्हरला तुम्ही दिसत नाही. सिग्नलला त्याच्या डाव्या बाजूला उभं राहायचंच नाही. मागे राहा, किंवा त्याला स्पष्ट दिसेल इतके पुढे. अवजड गाड्यांच्या बाजूला पुढच्या आणि मागच्या चाकांमधली पोकळी झाकणारे साइड गार्ड कायद्याने लागतात. माणूस आडवा पडला तर त्याने चाकाखाली जाऊ नये यासाठीच ते असतात. वाकलेले, अर्धे तुटलेले, दोरीने बांधलेले साइड गार्ड बघितले की वाटतं, फिटनेस सर्टिफिकेट देताना ही एक गोष्ट हाताने हलवून बघायला किती वेळ लागतो?

चाक कमरेवरून किंवा मांडीवरून गेलं तर कातडी आणि चरबीचा थर खालच्या स्नायूंपासून सुटतो. बाहेरून नुसता वळ दिसतो आणि आत रक्त साचत जातं. म्हणून चाकाखाली आलेला माणूस बोलत असला तरी त्याला किरकोळ समजायचं नाही.

हेल्मेटबद्दल इतकं बोललं गेलंय की लोकांचे कान बंद झालेत, तरी त्याच्या आत काय घडतं ते नीट सांगायला हवं. बाहेरचं कवच कडक दिसतं, पण जीव वाचवणारी गोष्ट आतला जाड थर्माकोल. दुचाकीवर बसलेल्याचं डोकं जमिनीपासून साधारण दीड मीटरवर असतं. तिथून ते खाली आलं की गाडी उभी असली तरी सुमारे ताशी २० ने जमिनीला लागतं. उघडं डोकं दोन-तीन मिलिमीटरमध्ये थांबतं, तेवढीच काय ती कातडी दबते. झटका गुरुत्वाकर्षणाच्या पाचशे पटीच्या घरात जातो. तेच डोकं २५ मिलिमीटर थर्माकोल चेपत थांबलं तर झटका साठ पटीवर येतो. मेंदू कवटीत तरंगत असतो, त्याला हा फरक म्हणजे आयुष्य आणि मरण. चेपलेला थर्माकोल परत फुगत नाही. म्हणून आपटलेलं हेल्मेट बाहेरून नवंकोरं दिसलं तरी टाकून द्यायचं.

‘हेल्मेटची चाचणी ताशी २५-३० लाच होते, मग ६० ला त्याचा काय उपयोग?’ हा प्रश्न हुशार लोकही विचारतात. उत्तर त्या दीड मीटरमध्ये आहे. पुढे जाण्याचा वेग ६० असला तरी डोकं जमिनीकडे येतं ते उंचीमुळे, म्हणजे २० च्या आसपासच, आणि पुढचा वेग घसरण्यात जिरतो. मध्ये उभा खांब आला तर मात्र हिशोब बदलतो, आणि म्हणूनच रस्त्याकडेच्या वस्तूंवर इतकं बोललो. जगभरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा २००८ साली वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने घेतला. हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा ६९ टक्क्यांनी कमी होतो, असं त्यातून निघालं. या विचाराला वैद्यकीय पुरावा दिला तो ह्यू केर्न्स या मेंदूच्या सर्जननी. १९३५ साली मोटरसायकलवरून पडलेल्या टी. ई. लॉरेन्स, म्हणजे ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’, यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ते होते. लॉरेन्स वाचले नाहीत. पुढे केर्न्सनी ब्रिटिश सैन्यातल्या निरोप पोचवणाऱ्या मोटरसायकलस्वारांचे अपघात तपासले आणि १९४१ मध्ये आपलं म्हणणं पुराव्यानिशी मांडलं.

पट्टा न लावलेलं हेल्मेट पहिल्याच आपटीत डोक्यावरून उडून जातं आणि दुसरी आपटी उघड्या डोक्याला बसते. पडताना आपट्या सहसा एकापेक्षा जास्त असतात. घेताना भुवयांच्या वर एक इंचावरून डोक्याचा घेर टेपने मोजा. घातल्यावर गाल किंचित दाबले गेले पाहिजेत. पट्टा लावून त्याखाली दोन बोटांपेक्षा जास्त जागा नको. मग हेल्मेटची मागची कड धरून पुढे उलटवायचा प्रयत्न करा. निघालं तर तो साइज तुमचा नाही. पूर्ण चेहरा झाकणारं घ्या, कारण हनुवटी आणि जबडा फार वेळा लागतो आणि अर्ध्या हेल्मेटमध्ये तिथे काहीच नसतं. जून २०२१ पासून आयएसआय मार्क नसलेलं दुचाकीचं हेल्मेट विकणं बेकायदा आहे. मार्कखाली ‘सीएम/एल’ ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो, तो बीआयएस केअर या ॲपवर टाकून बघता येतो. नुसता स्टिकर चिकटवलेल्या टोप्या फूटपाथवर आजही मिळतात.

मागे बसणाऱ्याकडे आपलं लक्ष सगळ्यात कमी असतं. २०२२ च्या त्याच आकडेवारीत हेल्मेट नसताना गेलेल्या ५०,०२९ जणांमध्ये १४,३३७ जण मागे बसलेले होते. मोटार वाहन कायद्याचं हेल्मेटचं कलम १२९ चार वर्षांवरच्यांना लागू आहे, मागच्यालाही. एका बाजूला पाय सोडून बसलेली बाई, मांडीवर पिशवी, एक हात पिशवीवर, दुसरा पुढच्याच्या खांद्यावर. न रंगवलेला स्पीडब्रेकर येतो आणि ती पाठीमागे, डोक्याच्या मागच्या बाजूवर पडते. धडक नाही, समोर दुसरी गाडी नाही, पण कवटीला तडा. पाय दोन्ही बाजूंना टाकून बसणं शक्य नसेल तर पिशवी पुढे अडकवा आणि एका हाताने मागचा हॅण्डल पकडा. साडीचा पदर आणि ओढणी मागच्या चाकाकडे जायला नको. साडी गार्ड, पकडायचा हॅण्डल आणि मागचे फूटरेस्ट मोटार वाहन नियमांतच आहेत. नवी बाइक ‘स्पोर्टी’ दिसावी म्हणून साडी गार्ड काढून टाकतात आणि मग लहान मुलाची टाच स्पोकमध्ये जाते. ती जखम भरायला महिने जातात. चार वर्षांखालच्या मुलाला चालकाशी बांधणारा पट्टा लावायचा, नऊ महिन्यांपुढच्या मुलाला मापाचं हेल्मेट घालायचं आणि वेग ४० च्या आत ठेवायचा, हा नियम १५ फेब्रुवारी २०२३ पासून आहे. शाळेच्या वेळेला तो कुठेच दिसत नाही.

जीव डोक्यावर अवलंबून असतो, पण घराचं उत्पन्न पायांवर. दुचाकीच्या अपघातात सगळ्यात जास्त वेळा पायच मोडतो. नडगीच्या हाडावर पुढून फक्त कातडी असते, स्नायू नाही, म्हणून ते मोडलं की सहज बाहेर येतं. त्यात गटाराचं पाणी आणि माती गेली तर जंतुसंसर्ग ठरलेला. अशा उघड्या जखमेला पहिल्या तासात अँटिबायोटिक मिळालं तर पुढचं चित्र बदलतं. हाड आत ढकलायचं नाही, हळद किंवा माती लावायची नाही, स्वच्छ कापड ठेवून हाडावर नाही, कडेने दाबायचं. इंजिनाच्या बाजूचा लोखंडी लेग गार्ड गाडी वाचवतो हे खरं. पाय वाचवतो का? लॉस एंजेलिसमधल्या सुमारे ९०० अपघातांचा हॅरी हर्ट यांच्या चमूने १९८१ मध्ये अहवाल दिला, त्यात घोटा आणि पावलाच्या इजा कमी दिसल्या, पण गुडघा आणि मांडीच्या तितक्याच वाढल्या. घोट्याच्या वर येणारे बूट मात्र खरंच कामाला येतात. पावसाळी सँडल पहिल्या दोन मीटरमध्येच पायातून जातात.

समोरून धडक बसली की शरीर पुढे सरकतं आणि कटीचं हाड पेट्रोलच्या टाकीवर आपटून उघडतं. आत लिटरभर रक्त जाऊ शकतं आणि बाहेर थेंबही दिसत नाही. आणखी एक इजा फार उशिरा ओळखली जाते. पडताना डोकं एका बाजूला आणि खांदा दुसऱ्या बाजूला ताणला जातो, मानेतून हातात जाणाऱ्या नसा उपटल्या जातात. हाड मोडलेलं नसतं, एक्स-रे चांगला येतो, पण हात लुळा लटकतो. घरचे मालिश करत बसतात, ‘सूज उतरली की येईल जोर’. नसांची शस्त्रक्रिया तीन ते सहा महिन्यांत झाली तर फायद्याची. त्यानंतर स्नायू सुकत जातात आणि नस जोडली तरी हलायला काही उरत नाही. हात दोन-तीन आठवड्यांत हलला नाही तर नसांवर काम करणाऱ्या सर्जनला गाठायचं, मालिशवाल्याला नाही.

दारूबद्दल दोनच वाक्यं. पडताना हात पुढे येत नाहीत, तोंड थेट जमिनीवर लागतं. आणि दवाखान्यात तो गुंगीत आहे की मेंदूत रक्तस्राव होतोय हे कळायला वेळ जातो.

अपघातानंतरच्या तासाबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी वाटते, कारण तिथे हात लावणारी माणसं आपणच असतो. दोघांनी खांदे आणि पाय धरून जखमीला रिक्षात कोंबलं की मोडलेली मान आणि कंबर तिथेच खराब होते. १०८ ला फोन करा. चाकाखाली येण्याचा किंवा आगीचा धोका नसेल तर हलवू नका. हलवावंच लागलं तर डोकं, खांदे आणि कंबर एका रेषेत ठेवून तिघा-चौघांनी एकदम. हेल्मेट ओढून काढायचं नाही. काच वर करा, पट्टा सोडा, श्वास नीट चालू असेल तर ते तसंच राहू द्या. श्वास अडत असेल किंवा उलटी होत असेल तरच काढायचं, आणि तेही दोघांनी. एकाने जबडा आणि मान खालून घट्ट धरायची, दुसऱ्याने हेल्मेटच्या दोन्ही बाजू बाहेर ताणून सरळ मागे घ्यायचं. पाणी पाजायचं नाही, ऑपरेशनसाठी भूल दिली तर ते उलटून फुप्फुसात जाऊ शकतं. कटीचं हाड मोडल्याची शंका असेल तर चादर घडी करून मांडीची हाडं जिथे कमरेला जोडली जातात त्या पातळीवर घट्ट बांधा. लोक ती पोटावर बांधतात, त्याचा उपयोग नाही. मदत करणाऱ्याला पोलीस अडकवतील ही भीती आता निराधार आहे. २०१९ च्या दुरुस्तीतल्या कलम १३४ अ आणि त्याखालच्या नियमांनुसार नाव सांगण्याचीही सक्ती नाही. आणि २०२५ च्या केंद्राच्या योजनेत जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचा उपचार रोख न भरता मिळू शकतो.

डोक्याला मार असेल तर जिथे सीटी स्कॅन आणि मेंदूचे सर्जन दोन्ही आहेत तिथेच थेट न्या. वाटेतल्या छोट्या दवाखान्यात टाके घालून, सलाइन लावून मग ‘मोठ्या ठिकाणी न्या’ म्हणेपर्यंत दोन तास जातात. कवटी आणि मेंदूवरचं आवरण यांच्यामध्ये रक्त साचतं तेव्हा माणूस आधी शुद्धीवर येतो, चहा मागतो, घरी फोन करतो, आणि काही तासांनी झोपेत खाली जातो. दवाखान्याने घरी सोडलं तरी पहिले २४ तास कुणीतरी जवळ हवं. रात्री दर दोन तासांनी उठवून नाव आणि जागा विचारा. दोनदा उलटी झाली, डोकेदुखी वाढत गेली, एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसली, बोलणं अडखळलं किंवा उठवायला त्रास झाला तर सकाळची वाट बघू नका. आजोबांना रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर मार कितीही किरकोळ वाटो, सीटी करून घ्या, आणि डॉक्टरांना त्या गोळीचं नाव पहिल्या वाक्यातच सांगा.